घाडींची दुसरी

शुक्रवारी सकाळी आठ वाजता बहारीनमधल्या आमच्या नईम मोहल्ल्याच्या गल्लीत एक गृहस्थ मोटारीच्या बॉनेटवर उजवा हात ठेवतात, डोळे मिटतात आणि खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणं घालतात.

"बा देवा म्हाराजा! बारा वाटेच्या, बारा गल्लीच्या म्हाराजा! ह्या दुसरेक कोणाची नजर लागली असली, कोणी पयल्येशी बरोबरी केली असली, तर ता सगळा दूर करून हिका एका किल्लीत चालू कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा होकार समोरच्या कोल्ड स्टोअरचा, म्हणजे किराणा दुकानाचा, मलबारी देतो, आणि त्याच्या शेजारचा पठाण न्हावीही देतो. आपण कशाला होकार देतोय हे दोघांनाही ठाऊक नाही. मग गृहस्थ आत बसून किल्ली फिरवतात. गाडी दोनदा खोकते आणि गप्प होते. गृहस्थ खाली उतरून पुन्हा हात ठेवतात. तिसऱ्या गाऱ्हाण्यानंतर माझे यजमान वर्तमानपत्र बाजूला ठेवून, चपला घालून, न सांगता ढकलायला जातात.

हे विश्राम घाडी, आमच्या खालच्या खोलीत राहणारे. कुडाळकडचे, बहारीनमध्ये पंचवीस वर्षं एकटे, धंद्यानं एसी मेकॅनिक. मनामापासून मआमीरपर्यंतचे निम्मे एसी यांच्या हाताखालून गेले असतील. त्यांच्या स्वतःच्या गाडीचा एसी मात्र बंद आहे. का, असं विचारलं की हात झटकून म्हणतात, "पार्ट मफी!" मफी म्हणजे इकडच्या अरबीत 'नाही'. जे मिळत नाही, जे जमत नाही आणि ज्याविषयी बोलायचं नाही, त्या सगळ्याला त्यांच्याकडे हे एकच उत्तर आहे. मी साताऱ्याची. आमच्याकडे गाडी घाटात बंद पडली तरच माणूस तिच्याशी बोलतो, आणि ते छापण्यासारखं नसतं.

आता ती गाडी. मस्टँग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी येते, लांब नाकाची, रुबाबदार, ती ही नव्हे. ती पहिली. ही तिच्यानंतरची, मस्टँग टू, म्हणजे घाडींच्या भाषेत 'दुसरी'. त्र्याहत्तर साली इकडच्या अरबांनी तेल अडवलं आणि अमेरिकेत पेट्रोलसाठी रांगा लागल्या. नेमकी त्याच सुमाराला ही धाकटी, आटोपशीर मस्टँग बाजारात आली. लोकांनी ती भराभर घेतली, आणि पेट्रोल पुन्हा मुबलक झाल्यावर तिला जी नावं ठेवायला सुरुवात केली ती आजतागायत चालू आहेत. आधी मोठं इंजिन नाही म्हणून ठेवली. मग मोठं इंजिन बसवलं, तर त्यात दम नाही म्हणून ठेवली.

हे सगळं मला कसं माहीत? मी चौथी इयत्ता शिकवते, मोटारींशी माझा काय संबंध! पण घाडी जिन्यात भेटले की सुटका नसते. एकदा माझ्या हातात दोन किलो कांदे आणि टरबूज होतं, आणि हे मला पुढच्या चाकांचं सस्पेन्शन समजावत होते.

"वैनीनू, हिचा फुडला सस्पेन्शन इतका बरा, की लोक ता घेऊन आपल्या जुन्या गाड्यांखाली बसयतत. म्हणजे बघा, नावा ठेवतत हिका, आणि चलतत हिच्याच पायांवर!"

"वा," मी म्हणाले. टरबूज निसटून दोन पायऱ्या खाली गेलं. त्यांनी ते उचलून दिलं आणि सस्पेन्शनवरून गाडीच्या चोकवर आले.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. तो एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाला, "अंकल, दॅट्स नॉट ईव्हन द रिअल वन." घाडी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. साठीला टेकलेला माणूस बारा वर्षांच्या पोराशी अबोला धरून बसला होता.

गेल्या हिवाळ्यात सीफच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा मेळावा होता. घाडींनी आम्हा सगळ्यांना नेलं. नेलं म्हणजे काय, सनाबिसच्या सिग्नलपासून आम्ही तिला नेलं. तिथे एक पहिली मस्टँग उभी होती, लालभडक, आणि तिच्याभोवती फोन उंचावलेली ही गर्दी. आमच्या घाडींनी आपली विटक्या कोकमाच्या रंगाची दुसरी बरोबर तिच्याच शेजारी लावली. काय ही हिंमत! एक बहारीनी तरुण आला, वाकून नाव वाचलं आणि हसत म्हणाला, "हबीबी, धिस वन मफी मस्टँग!"

घाडींना त्यांचाच शब्द ऐकावा लागला. मला फार हसू आलं. ते मात्र त्या तरुणाला आपल्या इंग्रजीत सांगत राहिले, "यू सी हर. ओन्ली हर. डोन्ट सी फर्स्ट." तरुण केव्हाच पुढे गेला होता.

पण मला सांगायचंय ते निराळंच. घाडींची नोकरी संपत आली होती. दोन महिन्यांनी व्हिसा कॅन्सल आणि खलास, कायमचं गाव. त्याआधी बायकोला एकदा बहारीन दाखवायचं म्हणून त्यांनी व्हिजिट व्हिसा काढला. लग्नाला तेवीस वर्षं झाली आणि सुनंदावहिनी पहिल्यांदा येणार! घाडींनी खोलीला रंग दिला, नवी गादी आणली, आणि माझ्याकडून पुरणयंत्र मागून नेलं, कशाला ते देव जाणे. वहिनींना मी फोनवरच ओळखत होते. सणावाराला आमचं बोलणं व्हायचं.

येण्याच्या आठवडाभर आधी त्यांचा मला फोन आला. आवाज जड होता.

"वैनी, तुमका देवाशपथ, एक इचारतंय, खरा सांगशात? ह्येंच्या दुसरेक तुम्ही बघलास?"

"बघितलंय म्हणजे? रोज बघते. दाराशीच उभी असते."

"दिसाक कशी असा?"

"रंग उडालाय आता. पुढून बरी आहे, मागून जरा आखूड."

"वय?"

"पन्नाशीची."

मग, "आणि हे काय करतत तिचा?"

"काय करत नाहीत ते विचारा! दर शुक्रवारी स्वतःच्या हातानं आंघोळ घालतात. मऊ फडक्यानं पुसतात."

"लोकांदेखत?"

"अख्खी गल्ली बघते."

"तुमचे मिस्टर पण?"

"ते तर ढकलायला जातात."

"मी येवचंय नाय," वहिनी म्हणाल्या. "सांगा त्येंका. तिकीट रद्द करा."

"अहो, एका गाडीसाठी एवढं काय?"

"गाडी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनींच्या बोलण्यातून उलगडलं ते असं: घाडींच्या कंपनीतला एक गाववाला सुट्टीवर गेला होता आणि 'विश्राम दुसरेक घेऊन फिरता' असं गावभर सांगून आला होता. त्यालाही ती गाडीच म्हणायची होती. गावानं ऐकायचं ते ऐकलं. मी हसत सुटले. म्हटलं, आता वहिनीही हसतील. त्या हसल्या नाहीत.

"वैनी, दुसरी मी असंय," त्या म्हणाल्या. "तुमका ठाव नाय? ह्येंची पयली वरसाभरात गेली. मी दुसरेपणावर इलंय. इल्यापासून ऐकतंय, पयल्येची सर नाय. सासू म्हणा, लोक म्हणत, आणि हे म्हणत. सोलकढी केली तरी पयल्येची सर नाय. आता जी कोणाक नको, जी ढकलल्याशिवाय चलत नाय, त्या गाडयेक ह्येंनी माझा नाव दिल्यानी?"

फोन ठेवला गेला.

मी तशीच खाली गेले. घाडी गाडीखाली आडवे होते, फक्त पाय बाहेर. त्या पायांनाच मी सगळं सुनावलं. शिक्षिकेच्या आवाजात. बायकोला तेवीस वर्षं तेच ऐकवलंत, वर गाडीलाही तेच नाव? लाज नाही वाटत? मलबारी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि माझा चेहरा बघून आत गेला.

घाडी सरपटत बाहेर आले. हात काळे. उठून उभे राहायचं त्यांना सुचेना, तिथेच चाकाला टेकून बसले.

"वैनीनू, सहा वर्सां झाली घेतलंय तिका. ज्याच्याकडसून घेतलंय तो म्हातारो बहारीनी म्हणालो, हिका कोण घेयत? पयली असती तर लायन लागली असती." त्यांनी चाकावर हात ठेवला. "त्येच्या तोंडात माजाच बोलणा होता. तोच सूर. मगे माका थयसून हलूक होयना."

"हे मला काय सांगता? तिला सांगा."

"माका जमाचा नाय."

"का? पार्ट मफी?"

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले. आणि त्यांच्याच फोनवरून नंबर लावून, स्पीकर चालू करून बॉनेटवर ठेवला. बऱ्याच रिंग वाजल्या. वहिनींनी उचलला.

घाडी फोनकडे तोंड करून उभे राहिले. सस्पेन्शनवर तासभर बोलणारा हा माणूस नुसता घसा साफ करत होता.

"सुनंदा. ऐक. मोटार असा ती. लोक तिका वायट म्हणतत. कित्याक? पयल्येशी बरोबरी करतत म्हणान. तिच्याकडे तिका म्हणान कोणी बघूकच नाय. तिची चूक काय? ती दुसरी इली, इतकीच. चलता ती, सुनंदा. बरी चलता. बाजूक बसणारो माणूस तितको व्हयो. तो नाय होतो." त्यांनी काळ्या हातानं डोळे पुसले, तोंड सगळं काळं झालं. "तेवीस वर्सां एका माणसान तिका बघूकच नाय."

गल्लीत कोणी हॉर्न वाजवत होतं. फोनमधून बारीक आवाज आला.

"गाडयेबद्दल बोलतास ना?"

"नाय," घाडी म्हणाले.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. या माणसाची मी सहा वर्षं टिंगल केली होती, आणि त्यातली बरीचशी अजूनही रास्त आहे. पण त्या क्षणी तो काळ्या तोंडाचा, फोनपुढे मान खाली घालून उभा असलेला घाडी मला सख्ख्या भावासारखा वाटला.

फोनमध्ये वहिनींनी नाक शिंकरलं. मग म्हणाल्या, "तिकीट खयच्या दिवसाचा असा?"

घाडी तिकीट शोधत काळ्या हातांनी खिसे चाचपायला लागले. शेवटी मीच वाकून फोनमध्ये ओरडले, "गुरुवारचं, वहिनी! गुरुवारचं!"