सासूबाईंचं मशीन नॉटपेड निघालं

सासूबाईंच्या कानाचं मशीन बंद पडलं ते नेमकं नातीच्या कार्यक्रमाच्या दिवशी. एरवी पडलं असतं तर कोणाचं काही अडलं नसतं, बाई तसंही ते काढूनच बसायच्या. पण त्या संध्याकाळी नात शाळेच्या स्टेजवर ड्रम वाजवणार होती. पोरीने कित्येक महिने घरातले डबे, बादल्या आणि बापाची सुटकेस बडवून सगळ्यांना वात आणला होता. बाप ओरडायचा, आई दार लावून घ्यायची, वरच्या मजल्यावरचे भांडायला खाली यायचे. एकट्या आजीने कधी हूं की चूं केलं नाही. कारण पोरीने डबे काढले की आजी मशीन काढायची. पोरगी काही आंधळी नव्हती. आदल्या दिवशी ती आजीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

"आजी, उद्या काढायचं नाही."

"नाही काढणार. शब्द आहे माझा."

आणि सकाळी मशीन मेलं. आता बोला.

पोरीच्या आईने मशीनच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, तार सुटली असेल, आणून द्या, तासाभरात करून देतो. दुकान नवऱ्याच्या वाटेवरच होतं. पण बायको नवऱ्याला ओळखून होती. नवरा पोस्टात सॉर्टर, म्हणजे आलेली पत्रं गावागावांप्रमाणे वेगळी करणारा. ऑफिसात त्याला पिनकोड म्हणायचे. कुठल्या कोपऱ्यातल्या खेड्याचा पिन विचारा, झोपेत सांगेल. पण छत्री घेऊन गेलेला माणूस छत्री घेऊन परत आलाय असं घरात कोणी पाहिलेलं नव्हतं.

म्हणून तिने मशीन एका खोक्यात ठेवलं, खोकं तपकिरी कागदात बांधलं, वरून सुतळी आवळली, आणि ठळक अक्षरात दुकानाचा पूर्ण पत्ता लिहिला. कोपऱ्यात घरचाही लिहिला, वाटेत पडलंबिडलं तर असावा म्हणून.

"दुपारच्या सुट्टीत द्यायचं. विसरलात तर पत्ता वाचा."

घोळ झाला तो इथेच. पोस्टातल्या माणसाच्या हातात पत्ता लिहिलेलं खोकं देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं.

लोकांना पोस्ट म्हणजे खिडकी तेवढी माहीत असते. खिडकीमागचं कोणी बघितलेलं नसतं. मागे एक अख्खी भिंत कप्प्यांची असते, जमिनीपासून डोक्यापर्यंत, आणि एकेक कप्पा म्हणजे एकेक गाव. पिनकोड त्या भिंतीसमोर उभा राहिला की पत्रं त्याच्या हातातून सुटायची आणि कबुतरं खुराड्यात शिरावीत तशी आपापल्या गावात जाऊन बसायची. तोंडाने तो भलत्याच गप्पा मारत असायचा. डोळे वाचायचे, हात फेकायचा. डोक्याला कोणी विचारत नसे.

त्या दिवशी त्याने खोकं टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलं, मुद्दाम, नजरेसमोर राहावं म्हणून. आणि डाव्या कडेलाच वाटायची पार्सलं येऊन पडत.

दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी मागच्या दाराने सासूबाई आत आल्या. जावयावर त्यांचा भरवसा नव्हता. 'परवानगीशिवाय आत येऊ नये' ही पाटी त्यांनी वाचली, आणि दुसऱ्या कोणासाठी असेल असं धरून चालल्या.

"मशीन दिलंत का, जावईबापू?"

पिनकोडने डावीकडे हात नेला. तिथे टेबल होतं, नुसतं.

"ते तपकिरी खोकं ना?" शेजारून ठोक्या म्हणाला. ठोक्या म्हणजे पाकिटांवर शिक्के मारणारा, नोकरीला लागल्यापासून तेच करत होता. "तूच टाकलंस की पिशवीत. इथून तिथे. काय नेम बसला."

"आणि तू बघत बसलास?"

"तुझ्या हाताला कोण कशाला टोकेल, बाबा?"

पिशवी दारापाशीच होती. नुकतीच बांधलेली, गाठीवर लाखेचं सील, अजून गरम. पिनकोड तिच्यावर झडप घालणार तोच सील लावणारे काका मध्ये आले.

"हात लावू नकोस."

"काका, माझ्या सासूचं मशीन आहे आत."

"असू दे. बंद पिशवी जिथं जायची तिथंच उघडते. परवा मी उघडली तर सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी कोणी काढली होती?"

पिनकोडनेच काढली होती. आवाज चढवून, बोट नाचवून. त्याने मदतीसाठी पोस्टमास्तरीणबाईंकडे बघितलं.

"मीही ऐकलं होतं परवा," बाई म्हणाल्या. "फार छान बोललात. पिशवी दुकानाजवळच्याच ऑफिसला चाललीय ना? मी फोन करते तिकडे, बाजूला काढून ठेवतील."

गाडी आली, पिशवी गेली. सासूबाईंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं, पण जावयाचा चेहरा त्यांना वाचता येत होता. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि ठोक्याच्या टेबलाला हात टेकून बसल्या.

"मी इथेच बसते. मशीन घेऊनच उठेन."

बाईंनी तासाभराने फोन लावला. लाइन लागेना. लागली तेव्हा दुपार उलटली होती, आणि तिकडचा माणूस खुशीत होता.

"आलं होतं की. पण तिकीट नाही त्यावर. नॉटपेडचा शिक्का मारला आणि दिलं पोस्टमनकडे. दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल करेल."

"अहो, ते ठेवून घ्यायचं होतं."

"आमच्याकडे काही ठेवून घेत नाहीत, मॅडम. आलं की गेलं."

पिनकोडने फोन हिसकावलाच आणि दुकानात लावला.

"तपकिरी खोकं आलं का?"

"आलेलं. परत पाठवलं. आम्ही नॉटपेड घेत नाही."

"पण सकाळी तुम्हीच आणायला सांगितलं ना?"

"आणायला सांगितलं होतं, साहेब. पोस्टाने धाडायला नव्हतं सांगितलं."

आता खोकं पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर निघालं होतं. म्हणजे घरी. म्हणजे पुन्हा पिशवी, पुन्हा सील, पुन्हा गाडी, आणि उद्या सकाळी ह्याच ऑफिसातून वाटप. एकानेही चूक केली नव्हती. जो तो आपलं काम चोख करत होता, आणि त्या चोखपणात मशीन असं काही अडकलं होतं की खुद्द पोस्टमास्तरीणबाईंनाही ते थांबवता येईना. पिनकोड डोक्याला हात लावून बसला. ही गाडी अशीच धावते म्हणून तो आजवर छाती फुगवून फिरत होता.

त्याने एका कागदावर लिहिलं, 'उद्या सकाळी येईल.' आणि सासूबाईंकडे द्यायला वळला.

सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. तळवा टेबलावर पसरलेला.

"हे काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

ठोक्या थांबला.

"थांबलात कशाला? वाजवा."

ठोक्याने वाजवलं. एक ठोका शाईच्या गादीवर, एक पाकिटावर. धप, ठप. धप, ठप. टेबलाच्या लाकडातून तो बाईंच्या तळव्यात शिरत होता, तिथून कोपरात, तिथून कुठवर कोण जाणे. सकाळपासून त्यांना जगातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा नीट ती भिंत बघितली.

"ही भोकं कसली?"

पिनकोडने कागदाच्या मागे लिहिलं, 'गावं.'

"सगळी?"

त्याने मान हलवली.

सासूबाई उठल्या. कप्प्यांवरच्या गावांच्या चिठ्ठ्या वाचत वाचत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला गेल्या, देवळात प्रदक्षिणा घालावी तशा, हळू. मग थांबून आपल्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं. पिनकोडने न बघता तळाच्या ओळीतल्या कप्प्यावर बोट ठेवलं. बाई गुडघे धरत वाकल्या. आत थोडी पत्रं होती. त्यांनी हात घातला, पत्रांना नुसता लावला, आणि काढून घेतला.

"अजून लिहितं कोणीतरी तिथं," त्या म्हणाल्या. मग जावयाकडे वळल्या. "मला वाटायचं तुम्ही दिवसभर तिकिटं चाटता."

ठोक्या खाली बघून हसला. पिनकोडने कागद पुढे केला. बाईंनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"उद्या? मी पोरीला शब्द दिलाय."



संध्याकाळी हॉल भरला होता. सासूबाईंसाठी पुढची खुर्ची राखलेली, पण त्या बसल्या थेट स्टेजच्या लाकडी पायरीवर. एक शिक्षिका धावत आल्या.

"आजी, इथे बसायचं नसतं."

ऐकू न येण्याचे काही फायदे असतात. बाई हलल्या नाहीत.

नात ड्रममागे येऊन बसली आणि तिने पहिल्यांदा आजीच्या कानाकडे बघितलं. कान रिकामा. पोरीचं तोंड एवढंसं झालं. खाली पिनकोडने मान घातली, बायकोने त्याला कोपर मारलं. काठ्या आपटून पोरगी निघून जाते की काय असं वाटलं. तिने काठ्या आपटल्या खऱ्या, पण ड्रमवर, रागाने, आणि सुरू झाली. आजीने दोन्ही तळवे स्टेजच्या फळीवर ठेवले.

संपल्यावर टाळ्या पडल्या. पोरगी उतरली ती तणतणत, आणि आजीच्या कानाजवळ जाऊन ओरडली.

"काढलंसच ना शेवटी?"

आजीला शब्द कळले नाहीत, पण मुद्दा कळला. तिने नातीला पाठमोरं फिरवलं आणि तिच्या पाठीवर तळव्याने वाजवायला लागली. सुरुवात, मधला फेरा, सगळं. मध्ये एका जागी पोरीचा डावा हात घाईत पडला होता, तोही तसाच पाडला. ड्रम शिकवणाऱ्या सरांशिवाय ते कोणाला कळलं नव्हतं.

"परत कर," पोरगी म्हणाली, आणि पाठ तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन खोकं घेऊन दारात. पिनकोडने नॉटपेडचा दंड भरला आणि खोकं खिशात घालणार, तोच सासूबाईंनी काढून घेतलं.

"तुमच्या खिशातून नको. पोस्टाने जाऊ दे."

त्या ऑफिसात आल्या, मागच्याच दाराने. खिडकीवरून तिकिटं मागवली, स्वतः चाटून लावली, खोकं ठोक्यासमोर ठेवलं आणि तळवा टेबलावर पसरला. सगळी खोली थांबून बघायला लागली. ठोक्याच्या हाताला आयुष्यात कोणी असं ऐकलेलं नव्हतं. शिक्का पडला तो वाकडा.

"परत मारा."

ठोक्याने हातवारे करून सांगितलं, एका पार्सलला एकच.

"मग नीट मारायचा होता."

ठोक्याने शर्टाला हात पुसले, पुढचं पाकीट ओढलं, मान खाली घातली, आणि असा मारला की भिंतीतली सगळी गावं हलली.