युनिक बगळा

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत आमच्या बाजारात माझा हात धरणारा कोणी नाही. ही फुशारकी नव्हे. बाकीची मंडळीच तशी थोर आहेत! आमचे मालकच बघा. दुकान दिव्यांचं, पण डोक्यात सगळा अंधार. जो दिवा खपत नाही, त्याच्यावर 'युनिक' अशी चिठ्ठी चिकटवायची, ही त्यांची विद्वत्ता!

त्यात सगळ्यात भिकार दिवा म्हणजे बगळा. एका पायावर उभा, चोचीत बल्ब आणि चेहरा पोट बिघडल्यासारखा. गोदाम नुसतं बगळ्यांनी भरलं होतं.

"मालक, युनिक म्हणजे जगात एकच! विचित्र दिसतं म्हणून काही युनिक होत नाही."

"प्रोफेसर," मालक म्हणाले, "आज एक तरी बगळा खपव. नाहीतर उद्यापासून घरी बसून शब्दांचे अर्थ लाव!"

म्हणजे नोकरीवरच गदा! मी लगेच बेत आखला. दुकानात एकच बगळा ठेवला आणि बाकीचे गोदामात कोंडून दार लावून घेतलं.

दुपारी एक बाई आल्या. न सांगताही मुख्याध्यापिका वाटाव्यात अशा. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"नुसता वेगळा, की खरोखर एकमेव? हल्ली लोक काहीही लिहितात."

अहाहा! शब्दाची कदर असलेलं गिऱ्हाईक! माझा ऊर भरून आला.

"एकमेव, बाई! असा दुसरा पृथ्वीवर नाही!"

"नक्की?"

"'व्हेरी युनिक' म्हणणाऱ्या अडाण्यांतला मी नव्हे!"

बाईंचा चेहरा पडला. "अरेरे! मला सोफ्याच्या दोन्ही बाजूंना हवे होते. मुलीलाही जोडी दिली असती."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तेवढ्यात मालक गल्ल्यावरून ओरडले, "आहेत की! हवे तेवढे घ्या!" आणि त्यांनी गोदामाचं दार सताड उघडलं. आतून सगळे बगळे आमच्याकडे टकामका बघत होते.

"शब्दाचा अर्थ माहीत असून खोटं बोललात?" बाई कडाडल्या. "मालकांना निदान तो माहीत तरी नव्हता!"

आणि माझ्याकडे पाठ फिरवून त्यांनी मालकांकडून चार बगळे घेतले.

"खपले ना शेवटी!" मी चाचरत म्हणालो.

"मी खपवले," मालक म्हणाले. "तू निघ."

दुसऱ्या दिवशी विसरलेली छत्री आणायला गेलो, तर दुकानाच्या दारावर पाटी: 'सेल्समन पाहिजे. इंग्रजी येणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.'

पाटीत एकही चूक नव्हती. मी दोनदा तपासली!