शहाबादी फरशीची साडेसात मिनिटं

“सर, ह्या अ‍ॅसिडात पाणी कोण घालतंय?”

नववी ‘ब’च्या सगळ्या माना वळल्या. विजयमाला हे विचारणार नाही, यावर बाकावरच्या मैत्रिणीनं, झुबेदानं, मीठ लावलेले चार आवळे पैजेला लावले होते. विजूनं विचारलं, आणि वर मान ताठ ठेवून उभीही राहिली. वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून तिला कुणाची भीती अशी उरलीच नव्हती.

प्रश्न हवेतला नव्हता. शहाबादी फरशीची मसुराएवढी कपची अ‍ॅसिडात टाकायची आणि ती विरघळायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं, असा प्रयोग होता. अ‍ॅसिड कडक असेल तर कपची झटपट संपणार, पाणचट असेल तर रेंगाळणार. विजूच्या थोरल्या बहिणीच्या जुन्या वहीत दोन मिनिटं लिहिली होती. यंदा साडेसात लागली.

दुष्काळात दगड घट्ट झाला असेल, असं शिर्के सर म्हणाले. विजूला ते पटेना. तिनं त्याच फरशीची कपची न फोडलेल्या नव्या बाटलीतल्या अ‍ॅसिडात टाकायला लावली. कपची फसफसली आणि दोन मिनिटांत दिसेनाशी झाली. सरांचं दुष्काळाचं कारणही तिच्याबरोबर विरघळलं.

प्रयोगशाळेची किल्ली एकट्या धुळा शिपायाकडं असायची. झालं, मुलींना त्याचं खोकणंसुद्धा संशयाचं वाटू लागलं. त्याच्या सायकलची घंटी एवढी चकचकीत कशी? तो फडकं खिशात का ठेवतो? विजूनं सगळं वहीत टिपून हेडमास्तरांपुढं ठेवलं. सोमवारी चौकशी ठरली. दोष निघाला तर धुळाची नोकरी जाणार, हे त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगितलं.

त्या दुपारी धुळा विजूपाशी आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

“ताई, बाटलीत अ‍ॅसिड कुठवर हाय त्याची खडूची रेघ हाय. दर म्हयन्याला तुमचं आबाच तपासाय येत्यात. रेघंखाली कवा ग्येलंय का, इचारा की त्यास्नी.”

विजूचे आबा म्हणजे लालासाहेब, पलटणीच्या स्टोअरातून निवृत्त झालेले हवालदार. आता शाळा कमिटीवर होते. त्यांनी रेघेची साक्ष दिली, पण पुढं असंही म्हणाले, की माणूस बेरकी असला म्हणजे रेघही राखतो आणि मालही उडवतो. विजूला बापाच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

रविवारी बनुबाई, म्हणजे विजूची आई, मोरीत बसून बंब घासत होती. त्यांचा तांब्याचा बंब आळीत सगळ्यात लखलखीत. विजू पाणी घ्यायला वाकली, तिचा धक्का लागून कोपऱ्यातली बाटली कलंडली, आणि मोरीतली शहाबादी फरशी फसफसू लागली.

विजूनं बाटली उभी केली. फरशीची मसुराएवढी कपची शोधली, बाटलीत उरलेलं चिनीमातीच्या बशीत ओतून तीत टाकली आणि आबांचं घड्याळ खुंटीवरून काढलं. दोन मिनिटं.

“आये, हे कुठलं?”

“तुज्या आबांनी आनलंय. आक्षी आरशावानी निगतंय बग तांबं.”

आबा दारात उभेच होते. ते घड्याळाकडं बघत होते, बशीकडं नाही.

“आगं, चोरी कशाची? जेवडं काडलं तेवडं पानी भरलं. स्टोअरात सव्वीस वर्सं रेघ हलू दिली न्हाई मी.”

बनुबाईनं हातातली चिंध्यांची गुंडाळी खाली ठेवली. “आवं, मग त्या स्टोअरात मागं काय काय पातळ करून आलाय?”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. बंब धुळाच्या बायकोला देऊन टाकू, असं काहीसं पुटपुटले. विजूच्या डोळ्यांपुढं स्वतःची वही आली. सायकलची घंटी, खिशातलं फडकं, सगळं वळणदार अक्षरात. तिनं बशी उचलून फळीवर ठेवली.

“आबा, आये, मी ठरवलंय. उद्या चौकशीत धुळामामाची माफी मी मागनार. मग तोच प्रश्न परत इचारनार, आवळ्याबिगर. आनि आबा, तुमाला हात वर कराय किती वेळ लागतोय, ते ह्या घड्याळात बघनार.”