नसलेल्या वाघाची दवंडी

नथ्थूभाऊंच्या घरी गेलात तर दारामागच्या खुंटीवर एक कापडी थैली दिसेल. तिला हात लावू नका. ती जेलची थैली आहे. आत एक दुपट्टा, एक बनियन, कडुलिंबाच्या काड्या, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पुड्या आणि चिवडा. चिवडा अधूनमधून बदलला जातो, कारण पोलीस कधी येतील सांगता येत नाही, आणि जेलमध्ये खवट चिवडा नेला तर चार कैदी काय म्हणतील?

आमचं गाव चिमूर तालुक्यातलं, जंगलाला खेटून. नथ्थूभाऊंचं गावात बिछायत केंद्र आहे. लग्न असो की तेरवी, मंडप त्यांचा, खुर्च्या त्यांच्या आणि भोंगाही त्यांचाच. रस्त्याच्या अलीकडे माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. गावाच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिनही मीच. मी भित्रा माणूस आहे आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. भित्री माणसं दुकान नीट चालवतात.

नथ्थूभाऊंचं बोट मोबाइलवर पडलं की एकदम तीन अक्षरं दाबली जातात. म्हणून ते माझ्या दुकानात येऊन सांगतात आणि मी त्यांच्या फेसबुकवर टाइप करतो.

"लिव बबन. नाल्यावरचा रपटा पैल्याच पाण्यात वाहून गेला. इंजिनेराचं नाव टाक."

"भाऊ, नाव नको ना घेऊ."

"काऊन? उद्घाटनाच्या पाटीवर त्याचं नाव होतं, तवा त्याले लाज वाटली का? पाटीबी वाहून गेली बिचारी. मी तं उलटा उपकार करून राह्यलो."

पोस्ट पडली की ते मांडीवर थाप मारून म्हणतात, "मी बोल्लो! माहं झालं. आता सरकारनं पाहावं." मग घरी जाऊन दाढी, आंघोळ, धुतलेला सदरा, आणि मांडीवर थैली घेऊन ओट्यावर बैठक. पोलिसांची वाट बघत. जाणारा-येणारा विचारतो, "भाऊ, गावाले?" ते म्हणतात, "नाई. जेलात."

हा सोस का, ते सांगायला हवं. आमच्या तालुक्यात बेचाळीस साली इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाला. इकडं ज्याला विचारावं त्याचा आजा जेलात गेलेला. नथ्थूभाऊंचा आजा तेवढा राहिला. पोलीस गावात आले त्या दिवशी तो सासुरवाडीला होता, बायकोला आणायला. लोक लाठ्या खात होते तेव्हा हा वडे खात होता, असं गावात आजही हसत हसत सांगतात. पोराचं लग्न जमवताना सोयरे विचारत, "तुमच्या घरचं जेलात कोण?" आणि नथ्थूभाऊंचे वडील खाली बघत. हा डाग नातवाला धुवायचा होता.

पण सरकार काही मनावर घेईना. एकदा ठाण्याचे जमादार खरोखरच मोटारसायकलवरून यांच्या दारात उतरले. नथ्थूभाऊ ताडकन उठले, थैली खांद्याला, दोन्ही हात पुढे.

"घाला बेडी!"

"बेडी नाई भाऊ," जमादार खालच्या आवाजात म्हणाले, "पोरीचं लगन आहे. मंडपाचं काही कमी-जास्त होईन का?"

नथ्थूभाऊंनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. मंडप मात्र स्वस्तात दिला.

पुढं कोणीतरी त्यांना सांगितलं की मोबाइलमधून सरकार आपलं सगळं बोलणं ऐकतं. मला तर घाम फुटला. मी तेव्हापासून बायकोशी भांडायचं झालं तरी मोबाइल तांदळाच्या कोठीत ठेवतो. नथ्थूभाऊंना आनंदानं भरून आलं. "म्हणजे आयकून राह्यले? आन् मी येड्यावानी अर्ज करून राह्यलो!" दुसऱ्या दिवसापासून दुपारची भाकर झाली की मोबाइल तोंडाजवळ धरून सुरू. "साहेब, जेवन झालं का? बरं. नहराले पाणी नाई. धानाच्या बांध्या वाळून राह्यल्या. दवाखान्यात डॉक्टर नाई. आजच्यापुरतं एवढंच. बाकी उद्या." उत्तर येत नाही म्हटल्यावर ते दिलगिरीनं म्हणत, "कामात असन बिचारा."

असा हा माणूस. मंत्र्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांची नावं जिभेवर. एक नाव सोडून. स्वतःच्या बायकोचं.

कौसल्याबाईंना ते 'अवं' म्हणतात. त्या यांना 'अवं जी' म्हणतात आणि परक्यापुढं 'आमचा बुढा'. लग्नाला जन्म उलटला, पोरगा पुण्याला नोकरीला लागला, तरी 'अवं'च्या पुढं गाडी सरकली नाही. एकदा एका लग्नात बायकांनी यांनाच माइकपुढं घेरलं. भाऊ, घ्या नाव! नथ्थूभाऊ लाल झाले, खाकरले, "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणाले आणि मंडपाच्या मागच्या कनातीखालून पळून गेले. स्वतःचा माइक टाकून! हे सगळं कौसल्याबाई बघत होत्या.  नुसत्या पदरानं तोंड पुसत राहिल्या, घाम नसताना.

यंदा चैतात मोहाची फुलं पडायला लागली. इकडं मोहाचे दिवस म्हणजे बायका पहाटंच टोपली घेऊन जंगलात. एका सकाळी कौसल्याबाई रिकाम्या टोपल्यानं परतल्या आणि म्हणाल्या, "बोडीच्या पाळीवर वाघ बसला आहे." बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध; मोहाच्या वाटेवरच आहे. नथ्थूभाऊ मोबाइल घेऊन धावले आणि व्हिडिओ काढून आणला. त्यात पिवळं असं थोडंसं दिसत होतं आणि भाऊंचं धापा टाकणं भरपूर ऐकू येत होतं. पण शेपटी हलली, ती स्पष्ट होती. मी तो ग्रुपवर टाकला, त्यांच्या फेसबुकवरही टाकला, आणि दुपारपर्यंत तो तालुकाभर फिरला.

संध्याकाळी जंगल खात्याचे नवे साहेब जीप घेऊन आले. माझ्याच दुकानासमोर थांबले. 

"या भागात वाघाचा वावर नाही," साहेब म्हणाले. "आमच्या नोंदीत नाही. हा व्हिडिओ अफवा आहे. वाघ आहे म्हटलं की लोक रस्ता अडवतात, पिंजरा मागतात आणि वरून मला फोन येतात. यापुढं कोणी लिहिलं, दाखवलं, पुढं पाठवलं तर गुन्हा दाखल करीन. ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण?"

मी व्हिडिओ काढून टाकला. फेसबुकवरचा पण काढला. ग्रुपलाही कुलूप घातलं, म्हणजे आता फक्त अ‍ॅडमिनच बोलणार. आणि अ‍ॅडमिन तर मी! त्या रात्री ग्रुपवर मी 'शुभ रात्री' टाकायलाही घाबरलो.

नथ्थूभाऊ तोवर थैली घेऊन हजर. "साहेब, व्हिडिओ माहा आहे. चला."

"कुठे?"

"जेलात."

"काका, घरी जा," साहेब म्हणाले. "फक्त वाघ आहे असं पुन्हा बोलू नका."

"पर साहेब, बाया जाऊन राह्यल्या ना जंगलात. त्याईले सांगाचं कोनं?"

"वाघ नाही, हे सांगा. त्याला कोणाची हरकत नाही."

 नथ्थूभाऊंच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "हव," ते म्हणाले. "आदेश पाळतो."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आख्खं गाव दचकून उठलं. नथ्थूभाऊंच्या ओट्यावरचा भोंगा खरखरला.

"हॅलो, हॅलो. मायबहिनींनो, सरकारचा आदेश आयका. आपल्या इथी वाघ नाई आहे! जो वाघ नाई आहे, तो काल सांजच्याले नहराच्या पुलाजवळ नव्हता. त्याच दिशी सकाळी तो बोडीच्या पाळीवर नव्हता. नसलेला वाघ भल्ला मोठा आहे. म्हून एकटं-दुकटं जाऊ नका, टिनाचा डब्बा वाजवत जा. कोनी वाघ आहे म्हणन तं ते अफवा आहे. मी बोल्लो!"

गाव हसून हसून लोळलं. पण बायका त्या दिवशी घोळक्यानं गेल्या, डबे बडवत. मग रोज पहाटे नसलेल्या वाघाची दवंडी सुरू झाली. शेजारच्या गावचे गुराखी येऊन भाऊंना पत्ता देऊन जात, "भाऊ, आज तो आमच्या बांधीत नव्हता." लोक शपथा त्याच्याच घ्यायला लागले. आमच्या पोट्ट्यांनी तर नसलेल्या वाघाला टोपणनावही ठेवलं, त्याचा उच्चार इथं करत नाही, कारण ते साहेबांचं आडनाव होतं.

आडनावाची बातमी पोचणारच होती. एका पहाटे दवंडी संपते न संपते तोच जीप ओट्यासमोर उभी राहिली. आत साहेब आणि जमादार. साहेबांचा चेहरा तापलेला. "भोंग्याची परवानगी आहे का? नाही ना? मग बसा जीपमध्ये. फार झाली थट्टा."

बाप्पा! आलाच की हो दिवस! गाव धावत जमलं. नथ्थूभाऊंनी टोपी घातली, थैली खांद्याला लावली. कोणीतरी कपाळाला गुलाल लावला. त्यांनी एकदा वर आभाळाकडं बघितलं, बहुतेक आजाकडं, आणि एक पाय जीपमध्ये ठेवला.

तेवढ्यात मोहाकडून बायका धावत आल्या. टोपल्या अर्ध्या, केस सुटलेले. "माकडं ओरडून राह्यली! बोडीच्या अंगानं!" माकडं अशी ओरडतात ती वाघ दिसला की. सगळ्यांच्या मागं नथ्थूभाऊंची नजर कोणाला तरी शोधत राहिली.

"आमच्या घरची कुठी आहे?"

एका बाईनं नहराकडं बोट दाखवलं. कौसल्याबाई नहराच्या पल्याडच्या मोहाखाली गेल्या होत्या. तिथं फुलं टपोरी पडतात म्हणून.

नथ्थूभाऊंनी पाय खाली घेतला.

"बसा," साहेब म्हणाले.

"आज नाई जमत, साहेब."

थैली तिथंच धुळीत पडली. ते ओट्यावर चढले, माइक हातात घेतला. "हॅलो," म्हणाले. मग नुसती खरखर. "हॅलो, माइक टेस्टिंग." पुन्हा खरखर. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.  'अवं' म्हणून भागणार नव्हतं. भोंग्यावर अवं म्हटलं तर पंचक्रोशीतली प्रत्येक बाई अवं. बोलवायचं होतं एकीलाच.

"कौसल्ये!"

नाव भोंग्यातून पार जंगलापर्यंत घुमलं.

"कौसल्या वं! बोडीकडून येऊ नको! पुलाकडून ये! कौसल्ये, आयकून राह्यली ना? टोपलं टाकून दे! कौसल्ये! कौसल्ये वं!"

एकदा सुटलं ते थांबेना. जन्मभराचं साठलेलं ते नाव एका दमात बाहेर येत होतं, आणि गाल ओले झाले होते ते त्यांना कळतही नव्हतं.  साहेबांनी काठी घेतली, ड्रायव्हरला म्हणाले, "पुलाकडे घे. हॉर्न वाजवत राहा." नसलेल्या वाघासाठी काठी कशाला, असं मी विचारलं नाही.

थोड्या वेळानं जीप परत आली. आत कौसल्याबाई बसलेल्या, मांडीवर मोहाचं भरलेलं टोपलं. खाली उतरताच नवऱ्यावर तुटून पडल्या.

"काऊन जी, बोंबलून राह्यले? साऱ्या गावात माहं नाव काढलं! लाज नाई वाटत बुढ्याले?" आणि असं म्हणता म्हणता त्या ओट्यावर मटकन बसल्या.  "पाळीकडूनच येऊन राह्यली होती मी," त्या हळूच म्हणाल्या. "भोंगा आयकला न् वळली."

साहेबांनी त्यांना पाणी दिलं. मग जरा घुटमळत विचारलं, "काकू, पाळीवर काही होतं का?"

कौसल्याबाईंनी एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा धुळीतल्या थैलीकडं, एकदा नवऱ्याकडं.

"होता ना, साहेब," त्या म्हणाल्या. "नसलेलाच होता. भोंगा वाजला, त्यानं कान टवकारले, आन् उठून गेला."

कोणी हसलं नाही. साहेबांनी टोपी काढून केसांतून हात फिरवला. जीप निघून गेली. जाताना त्यांना कोणाला तरी बरोबर न्यायचं होतं, ते ते विसरले. जमादारांनी मात्र निघण्याआधी थैली उचलून, झटकून, ओट्यावर ठेवली होती.

दुपारी मी ग्रुपचं कुलूप काढलं. भीत भीत, पण काढलं. मग भाऊंकडं गेलो. ते चिवडा खात होते. जेलचा.

"भाऊ, हुकली ना जेल. आजाचीबी हुकली, तुमचीबी."

"आजा बायकोले आणाले गेल्ता," ते म्हणाले. "मी जन्मभर त्याले हसलो. येडा होतो मी, बबन. घरचं माणूस बाहेर असलं तं जेलात कसं जाता येते?" आणि पुडा माझ्यापुढं सरकवला.

दुसऱ्या पहाटे भोंगा पुन्हा खरखरला. मी अंथरुणातच जागा होतो. वाघ कुठं कुठं नव्हता, ते सगळं सांगून झालं. दवंडी संपली असं वाटलं. पण भोंगा बंद झाला नाही. बराच वेळ नुसती खरखर येत राहिली, मग एक खाकरणं, आणि मग अगदी हळू आवाज, जो त्या भोंग्यातून आजवर कधी आला नव्हता.

"आन् कौसल्ये, तू सांभाळून जाजो वं. मी बोल्लो."