आर्डिसची लाईन चालू होती

खासदार क्रेग डेटमन यांची टेलिफोन-सभा नेमकी जेवणाच्या वेळी सुरू झाली, आणि तेव्हा आर्डिस टॉलफसनचे दोन्ही हात पुडिंगच्या भातात होते.

या सभेला कुठे जावं लागत नाही. मतदारसंघातल्या सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी एकदम फोन वाजतात, खासदार वॉशिंग्टनहून बोलतात आणि आपण घरबसल्या ऐकायचं. प्रश्न विचारायचा असेल तर फोनवरची चांदणी दाबायची, मग तीन. आर्डिसने कोपराने स्पीकर लावला, करंगळीने चांदणी आणि तीन दाबलं, आणि फोन पावाच्या डब्याला टेकवून ठेवला. गुरुवारी संसदेत मतदान होतं. म्हाताऱ्यांच्या पेन्शनला आणि औषधपाण्याच्या विम्याला कात्री लावायचा प्रस्ताव आला होता, आणि आपण कुठल्या बाजूचे हे डेटमनसाहेबांनी अजून गुलदस्त्यात ठेवलं होतं. आर्डिसला तेवढंच विचारायचं होतं.

पण साहेबांचं प्रास्ताविक काही संपेना. तेवढ्यात तिचा नवरा व्हर्लिन रेडिओवर बेसबॉल ऐकायला स्वयंपाकघरात आला. उभा जन्म त्याने कौंटीचा बर्फ सारायचा ट्रक चालवला होता. निवृत्तीनंतर त्याच्या वाट्याला हा रेडिओ आणि खिडकीजवळची खुर्ची आली होती.

"हा बोलतोय की दळण दळतोय?" असं पुटपुटत त्याने फोनचा आवाज पार बारीक केला आणि खुर्चीत जाऊन बसला. आर्डिसचं लक्ष नव्हतं. तिने क्रीम घुसळायला मिक्सर लावला होता.

आणि त्याच घटकेला तिचा नंबर लागला. इकडे मिक्सर घरघरत होता, तिकडे साहेब गोड आवाजात म्हणत होते, "बोला मिसेस टॉलफसन, आम्ही सगळे ऐकतोय." सगळे म्हणजे खरोखरच सगळे. अख्खा मतदारसंघ कानात प्राण आणून बसला होता.

आर्डिसने मिक्सर बंद केला. पुडिंगवर किसायला जायफळ हवं म्हणून फळीवरची डबी काढली, झाकण उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली.

"व्हर्लिन, आपली जायफळं पांढरी कधीपासून झाली?"

व्हर्लिनने रेडिओ बंद केला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या आवाजाला रेडिओ बंद करायचा हे माणसाला कळतं.

"आणि अर्धी अर्धी कशी काय झाली? अरे, या तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या!"

"तू जायफळ फक्त ख्रिसमसला वापरतेस," व्हर्लिन दुखावल्या स्वरात म्हणाला.

"मी काय विचारतेय?"

"अगं, रोज अर्धी घेतो, अर्धी ठेवतो. विम्याचा हप्ता वाढलाच आहे. उद्या त्यांनी तो विमाच आखडला तर? अडीअडचणीला असाव्यात."

"कुणाच्या अडीअडचणीला? तू तर वर गेलेला असशील! मग मी काय करू यांचं, पुडिंगवर किसू?"

"ओरडू नकोस, तुझाही रक्तदाब वाढेल."

"वाढू दे! मी तरी अख्खी गोळी घेते!"

वॉशिंग्टनच्या कचेरीत एव्हाना धावपळ उडाली होती. कुणीतरी घाईघाईने बाईंची लाईन तोडायला गेला आणि त्याने नेमकी साहेबांचीच तोडली. आता मतदारसंघाला फक्त आर्डिस ऐकू येत होती, आणि आर्डिसला कंठ फुटला होता.

"महिन्याच्या महिन्याला तुझ्या पगारातून कापून घेत होते की नाही? मी शाळेच्या भटारखान्यात उभी राहून पाय सुजवले, माझ्याही पगारातून घेत होते. तेच आता परत देतायत. खिरापत नाही वाटत कुणी! आणि तो डेटमन! निवडणूक आली की बत्तिशी दाखवत दारात. त्याच्या दातांना विमा आहे. माझी दाढ गेलं वर्षभर ठणकतेय, तिला नाही!"

"जाऊ दे गं. माणूस इतक्या सहज मरत नाही. शेजारच्या मर्नाचं गाजराचं जेली सॅलड आपण दर रविवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणात खातोच की. त्यातून वाचलो तर अर्ध्या गोळीने काय होणार आहे?"

आर्डिस मटकन स्टुलावर बसली. डबी मांडीवर होती. "व्हर्लिन," ती हळूच म्हणाली, "या घरात तुझ्याशिवाय मी भांडू कुणाशी?"

व्हर्लिन उठून तिच्याशेजारी उभा राहिला आणि तिच्या ॲप्रनवरचा भात उगाचच झटकू लागला.

इतक्यात मागचं दार धाडकन उघडलं. शेजारची मर्ना कुबियाक पायात घरातल्या सपाता घालून तशीच धावत आली होती.

"आर्डिस, फोन!" ती दबक्या आवाजात ओरडली. "फोन बंद कर आधी! सगळं ऐकू येतंय!"

"कुणाला?"

"मला, पाद्रीबाबांना, माझ्या बहिणीला. सगळ्यांना!" मग ती व्हर्लिनकडे वळली. "सॅलडचं आपण नंतर बोलू."

आर्डिसने झटकन फोनचा आवाज वाढवला. साहेबांची लाईन जोडली गेली होती बहुतेक, कारण खाकरण्याचा आवाज आला.

"अं... आपल्या भावना पोचल्या, मिसेस टॉलफसन. या विषयाला अनेक बाजू असतात. आपण पुढचा प्रश्न घेऊ. लाईनवर आहेत लॉइस..."

"क्रेग, मी बोलतेय," एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"आई? आई, ही जाहीर सभा आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर चांदणी दाबली. एरवी फोन केला की तुझा सेक्रेटरी म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. त्या बाईला उत्तर दे."

"आई, मी म्हटलं ना, अनेक बाजू..."

"तुला लहानपणी विचारलं, काच कुणी फोडली, तेव्हाही अनेक बाजू होत्या. तिचा नवरा अर्धी गोळी घेतो. मीही अर्धीच घेते."

"काय? कधीपासून? मला का नाही सांगितलंस?"

"तू मीटिंगमध्ये होतास."

मर्नाने तोंडावर हात ठेवला. व्हर्लिन पावाच्या डब्याकडे डोळे फाडून बघत राहिला. मग साहेब अगदी वेगळ्याच, बारक्या आवाजात म्हणाले, "मी तुला थोड्या वेळाने फोन करतो, आई," आणि सभा संपली.

त्या संध्याकाळी व्हर्लिनने दोघींच्या पहाऱ्यात अख्खी गोळी गिळली आणि मर्नाला पुडिंग दोनदा वाढलं. तरी तिने सॅलडचा विषय काढलाच.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचं आर्डिसच्या जिवावर आलं होतं. पण औषधाच्या दुकानात कुणी हसलं नाही. उलट दुकानदार बाईने व्हर्लिनला बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं आणि त्याच औषधाचा स्वस्तातला प्रकार काढून दिला. रांगेतले दोन थोराड गडी मान खाली घालून म्हणाले, "आमच्यासाठीही बघा जरा."

घरी येतात तोच फोन वाजला.

"लॉइस डेटमन बोलतेय. क्रेगची आई. तुमचा नंबर डिरेक्टरीत मिळाला. रविवारी क्रेग जेवायला येतोय माझ्याकडे. मतदान त्याच्या आधी आहे ना?"

"हो, गुरुवारी," आर्डिस म्हणाली.

"छान. तसं मी त्याला कळवलंय. त्याच्या आवडीचा गरमागरम पॉट रोस्ट करायचा की थंड सँडविच, ते गुरुवारी ठरेल."

गुरुवारी डेटमनसाहेबांनी प्रस्तावाच्या विरोधात मत दिलं. अगदी थोड्या मतांनी प्रस्ताव पडला. पत्रकारांनी कारण विचारलं तेव्हा साहेब गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मी मतदारसंघाचा आवाज ऐकला."

रविवारी संध्याकाळी लॉइसचा पुन्हा फोन आला. आता दोघींचं अगं-तुगं सुरू झालं होतं.

"काय गं, आला होता का?" आर्डिसने विचारलं.

"आला होता. दोनदा मागून घेतलं त्याने. भांडीसुद्धा घासली." लॉइस म्हणाली. "आता मला सांग आर्डिस, दातांच्या विम्याचं मतदान कधी असतं? मी ॲपल पाय करून ठेवते."