वारा पडना!

धुळीचं वादळ आलं की आमच्या गल्लीत सगळे दारं लावून घेत. शेजारचे नाना मात्र वादळभर ओट्यावर बसत. टोपी मांडीखाली दाबलेली, तोंडाला पंचा गुंडाळलेला. वारा पडून बायका झाडू घेऊन बाहेर आल्या, की नाना ओरडत उठायचे, "वारा पडना! बठ्ठा मझार चला!" आणि सगळ्यांना आत बोलवत स्वतः आत जाऊन कडी लावायचे.

"उलटंच शे तुमचं नाना," समोरच्या अक्का म्हणायच्या. "झाडू तरी मारू द्या."

"मार, अक्का. मंग वादळच तुले झाडी टाकी."

मी मोजूनमापून बोलणारा माणूस. समुद्र धुळ्यापासून दोनशे किलोमीटर तरी लांब आहे, तिथलं वादळ इथे येत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते मलाच शिकवत. "समुद्र तपस, वाफ उठस, तठे वादळ जनमस. पाणी पी पी मोठं व्हस. जमीनवर उनं, पाणी तुटनं, की मरस." मग बोट वर. "पन मझार डोया ऱ्हास!"

वादळाच्या मधोमध डोळा असतो. तिथे वारा नसतो. डोळा पुढे सरकला की उलट्या दिशेने पुन्हा तेच वादळ. मूळच्या शिंदखेड्याच्या या माणसाला हे कुणी शिकवलं, ते मला अक्कांकडून कळलं.

नानांचा एकुलता मुलगा सुरेश गुजरातच्या किनाऱ्यावर मिठागरात मुकादम होता. रेडिओवर वादळाची बातमी आली, तेव्हा नानांनी शेटजींच्या दुकानातून ट्रंककॉल लावला आणि ओरडून सांगितलं, "वारा पडस तोपावत दार उघडू नको!" खानदेशातला कुणीही बाप हेच सांगेल. आमच्याकडे वारा पडला की वादळ संपलं.

सुरेशने ऐकलं. वारा पडल्यावरच दार उघडलं आणि मजुरांची झोपडी बघायला गेला. मग वारा समुद्र घेऊन परत आला.

त्याचा सोबती नंतर नानांना भेटायला आला. "तुमचा शब्द मोडला नाही त्यानं," म्हणाला. बिचाऱ्याला धीरच द्यायचा होता.

एका वैशाखात वारा पडला तेव्हा मी नेमका नानांच्या ओट्यासमोर होतो. त्यांनी मनगट धरून मला आत ओढलं, कडी घातली आणि दाराला कान लावून उभे राहिले. बाहेर चिमण्या बोलायला लागल्या. अक्कांचा झाडूही सुरू झाला.

"नाना, उघडू का आता?"

"ऱ्हाय," ते हळूच म्हणाले. "कोनी आवाज दिना तं उघडसूत."

त्यांचा हात कडीवरच होता.