तीनशे बारा ग्रॅम

वजनमाप मला कोणी शिकवू नये. बाहत्तर साली जळगावात रेशनचा तांदूळ मी स्वतः उभी राहून आणत असे आणि घरी आल्यावर पुन्हा तोलत असे. कमी भरला, की तशीच परत जाऊन राहिलेला घालून घेई. मला लांबून येताना पाहिलं, की दुकानदार आधीच माप हातात घेऊन बसायचा. त्यामुळे नातीने वजनाचं काम माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. योग्य माणसाकडे काम आलं होतं, एवढंच.

नात म्हणजे मैत्रेयी. तिचे आईवडील एअर फोर्सच्या बदलीमुळे आसामात, आणि ती आमच्याकडे पंचकुल्यात राहून चंदीगडला पीएच.डी. करते. विषय, भातावर वाढणारी बुरशी. आमच्या काळी भाताला बुरशी आली, की सासू बोलायची. आता त्यावर डॉक्टर होतात.

प्रयोगशाळेतल्या गरम खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून तिने बुरशी लावलेल्या भाताचा डबा घरी आणला. नेमकं चार दिवस तिला ट्रेनिंगला दिल्लीला जायचं होतं.

"आजी, सकाळ-संध्याकाळ डबा काट्यावर ठेवायचा आणि आकडा मला कळवायचा. और कुछ नहीं करना, पक्का?"

"अगं, साठ वर्षं संसार केलाय."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

सोमवारी तिला हे आकडे समितीपुढे ठेवायचे होते. समितीला पटले नाहीत, तर विषय बदला आणि पहिल्यापासून सुरुवात करा. तीन वर्षांची मेहनत त्या डब्यात होती.

जाताना डब्याचं वजन होतं तीनशे बारा ग्रॅम. संध्याकाळी ठेवला, तर तीनशे दहा.

मी चष्मा पुसून पुन्हा ठेवला. तीनशे दहाच. घरात माणसं दोन, मी आणि आमचे हे. पोरगी विश्वासाने डबा ठेवून गेली आणि पहिल्याच दिवशी दोन ग्रॅम गायब. तिने काय समजायचं? मी दुपारचा भात घेतला, चार-चार शितं टाकत गेले आणि तीनशे बारा झाल्यावर थांबले. मग फोन केला.

"तीनशे बारा."

"बस? काहीच फरक नाही?"

"एका शिताचा नाही," मी अभिमानाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाच ग्रॅम कमी. घातला भात. "तीनशे बारा." पलीकडून रडवेला आवाज, "आजी, फंगस मर गया क्या?"

"मरतोय कशाला? कापसासारखा फुलून आलाय."

तिने फोटो मागवला. तो तिच्या मॅडमना, डॉ. ग्रेवालना, पाठवला. बुरशी जोरात वाढतेय आणि वजन जागचं हलत नाही, हे पाहून मॅडम म्हणे खुर्चीवरून उठल्या. बीस साल में ऐसा नहीं देखा. हा काही नवाच प्रकार असेल, तर मैत्रेयीचं नाव होईल. मी बुरशीला गरम पाण्याची पिशवीही दिली. ती आणखी फुलली, आणखी हलकी झाली. शेवटी शेवटी तर डावाने भात घालावा लागला.

शनिवारी मैत्रेयी परत आली आणि पाठोपाठ मॅडम हजर.

"आंटी जी, आपने तो कमाल कर दिया."

"उसमें क्या है," मी म्हटलं. साधेपणा अंगातच असतो.

त्यांनी डबा काट्यावर ठेवला. तीनशे नऊ. सकाळीच पूर्ण केला होता! मॅडमच्या कपाळावर आठी आली, मैत्रेयीचा चेहरा उतरला. पाहुण्यांसमोर घराची शोभा होऊ नये म्हणून मी तातडीने आत गेले, चमचाभर भात आणला आणि डब्यात घातला.

"लीजिए," मी म्हटलं. "तीन सौ बारह."

मॅडमनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"आंटी जी, ये रोज़ किया?"

"रोज़. दो टाइम."

मग त्यांनी मला समजावलं. बुरशी भात खाते, श्वास सोडते, म्हणून वजन घटतं. जितकं घटलं, तितकी ती वाढली. ते घटणं मोजणं हाच तर सगळा प्रयोग.

"तुम्ही तरी बोलायचं," मी ह्यांच्यावर उखडले. "चार दिवस समोर बसून बघत होतात."

"मला कोणी विचारलं नाही," हे पेपरातून म्हणाले.

सोमवारी मैत्रेयीने समितीला खरं ते सांगितलं. समिती म्हणे पाच मिनिटं हसत होती. मग प्रयोग नव्याने करायला दोन महिने दिले आणि विषय तोच ठेवला. एका वृद्ध सदस्यांनी एवढंच विचारलं, की इतके एकसारखे आकडे देणाऱ्या बाई आणखी कुठे कामाला आहेत का.

नवा डबा आता आमच्या ह्यांच्या ताब्यात आहे. हे काट्याकडे बघतात, दिसेल तो आकडा लिहितात आणि पुन्हा पेपर उघडतात. तो का घटला, कुठे गेला, याची त्यांना काडीची फिकीर नाही. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे त्यांनी. शास्त्राला म्हणे अशीच माणसं लागतात.